आपल्या भागातली संस्था: आधी सभासद, मग कार्यकर्ता

सामाजिक संस्थेच्या दारात पहिल्यांदा येणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: "मी काय मदत करू?" प्रश्न मनापासूनचा असतो, पण संस्थेतल्या माणसाला त्याचं उत्तर चटकन देता येत नाही. समोरच्याला काय येतं, तो आठवड्यातून किती वेळ देऊ शकतो, पुढच्या महिन्यात तरी येईल का, यातलं काहीच संस्थेला ठाऊक नसतं. मग जे हाताशी असेल ते काम दिलं जातं. नव्या माणसाला ते फुटकळ वाटतं आणि हळूहळू येणं थांबतं.

म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक नवख्याला माझा आग्रह असतो की आधी सभासद व्हा. संस्था जे देते ते घ्या, वापरा, तिथल्या माणसांमध्ये बसा. कार्यकर्ता त्यानंतर व्हा. बदली होऊन नव्या शहरात आलेले, नुकतेच निवृत्त झालेले, शिक्षण संपवून नोकरी शोधणारे, लहान मूल घेऊन दिवसभर घरी असलेल्या बायका, अशा सगळ्यांनाच ही वाट सोपी पडते. एकटेपणही याच वाटेने कमी होतं, आणि ते कमी व्हावं म्हणून एखाद्या संस्थेत जाण्यात कमीपणा काही नाही.

पहिली पायरी: आसपास काय आहे ते शोधा

संस्था म्हटलं की आपल्याला आनंदवन, शोधग्राम, मुक्तांगण अशी मोठी नावं आठवतात. ती कामं मोठीच आहेत. पण रोजच्या जगण्याला आधार देणाऱ्या संस्था घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि त्यांची नावं वर्तमानपत्रात क्वचितच येतात. सार्वजनिक वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, बचत गट, गणेशोत्सव मंडळ, तालीम, क्रीडा मंडळ, वस्तीतला अभ्यासवर्ग, रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणारं केंद्र, ही सगळी त्यातच आली.

यांचा पत्ता विचारायचा तर अंगणवाडीताई आणि आशाताईंइतकं चांगलं ठिकाण नाही. कोणत्या घरात लहान मूल आहे, कुठे आजी एकट्या राहतात, कोणता बचत गट नीट चालतो आणि कोणता नुसता कागदावर उरला आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. शहरात महापालिकेचा समाज विकास विभाग, गावात ग्रामपंचायत कार्यालय, आणि दोन्हीकडे वाचनालयाबाहेरचा सूचनाफलक बघा. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदलेल्या संस्थांची जिल्हावार यादी मिळते. मात्र तिथे नाव असणं म्हणजे कामाची हमी नाही, आणि नाव नसलेल्या कितीतरी छोट्या संस्था उत्तम काम करत असतात.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर वाचनालयापासून करा. हे मी फार विचारपूर्वक सांगतो आहे. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. आजच्या पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ ची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळू लागलं. पण नवख्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा, दुपारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, संध्याकाळी गोष्टीची पुस्तकं बदलायला आईबरोबर आलेली चौथीतली मुलगी, अशी सगळ्या वयाची माणसं एकाच छताखाली रोज भेटतील अशी दुसरी जागा सापडणं कठीण. तिथे महिनाभर नियमित गेलात तर भागातल्या निम्म्या संस्थांची माहिती न विचारता कळते.

दुसरी पायरी: दोन-तीन महिने नुसतं जा

ज्येष्ठ नागरिक संघाची साप्ताहिक सभा असो, बचत गटाची बैठक असो की मंडळाचं व्यायामाचं सत्र, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जाऊन बसा. सुरुवातीला सूचना करू नका. तुम्ही कंपनीत व्यवस्थापक असाल किंवा निवृत्त मुख्याध्यापक असाल, तरी त्या संस्थेत नवे आहात. संस्थांमध्ये वयाने आणि हुद्द्याने कितीही फरक असला तरी बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणतात. ती नुसती सवय नाही. झाडू मारणाऱ्या ताईंचं म्हणणंही सभेत ऐकलं जातं की नाही, यावरून संस्था कशी आहे ते ओळखता येतं.

या काळात काही गोष्टींकडे लक्ष असू द्या. बैठक ठरल्या वेळी सुरू होते का? इतिवृत्त लिहिलं जातं का, आणि पुढच्या वेळी ते वाचलं जातं का? ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यापैकी कुणी निर्णय घेणाऱ्यांत आहे का? अपंगांसाठीच्या संस्थेच्या कार्यकारिणीत एकही अपंग व्यक्ती नसेल तर ते मला खटकतं, आणि तुम्हालाही खटकायला हवं.

बचत गटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे बाहेरचा माणूस फार चुकीच्या कल्पना घेऊन जातो. साधारण दहा ते वीस जणींचा गट, नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब या पाच सूत्रांवर चालतो. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि नंतर ग्रामीण भागात राज्याचं उमेद अभियान यांनी हे काम राज्यभर पोचवलं. तिथे 'मार्गदर्शन' करायला जाऊ नका. त्या बायकांना पैशाचा हिशेब तुमच्यापेक्षा चांगला कळतो. एखादा ऑनलाइन अर्ज भरता येत नसेल, मालाची पावती नीट छापून हवी असेल, बँकेत कुणी उद्धट बोलत असेल आणि बरोबर कुणी यायला हवं असेल, तर तेवढी मदत त्या हक्काने सांगतील. सांगेपर्यंत थांबा.

तिसरी पायरी: कागद बघा

नवे लोक इथे संकोचतात. "चांगलं काम करणाऱ्यांना कागद कसे मागायचे?" मागायचे. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही, उलट कुणीतरी नीट विचारतंय याचं बरं वाटतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात आणि त्याच वेळी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडेही त्यांची नोंद असते. त्यामुळे पावतीवर किंवा लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात: एक वर्ष आणि जिल्हा असलेला संस्था नोंदणीचा, दुसरा बहुधा 'एफ' अक्षराने सुरू होणारा न्यास (ट्रस्ट) नोंदणीचा. नुसता ट्रस्ट असेल तर 'ई' ने सुरू होणारा क्रमांक दिसू शकतो. काही संस्था २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात. तिन्ही प्रकार कायदेशीर आहेत, आणि एक दुसऱ्यापेक्षा पवित्र असं काही नसतं.

नोंदणी प्रमाणपत्रापेक्षा मी दोन गोष्टी आधी बघतो. पहिली म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, परिशिष्ट एकचा उतारा, ज्यात आजचे विश्वस्त कोण आहेत हे लिहिलेलं असतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांमध्ये तो वर्षानुवर्षं दिलेलाच नसतो किंवा वादामुळे अडकलेला असतो, आणि मग कागदोपत्री वारलेली माणसं विश्वस्त म्हणून राहतात. अशा संस्थेत बँक खात्यावर सही कुणाची चालणार यावरूनच भांडणं लागतात आणि काम बाजूला पडतं. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. आकडेमोड येत नसली तरी चालेल. खर्चाच्या बाजूला कार्यक्रम किती आणि सत्कार, हार, मंडप किती एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

गणेशोत्सव मंडळं आणि अशाच तात्पुरत्या वर्गणीचं वेगळं आहे. न्यास म्हणून नोंदणी नसलेल्यांना वर्गणी गोळा करायची तर विश्वस्त अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. दारात पावतीपुस्तक घेऊन आलेल्या मुलांना ती परवानगी आहे का, असं हसून विचारा. मंडळात कार्यकर्ता म्हणून जाणार असाल तर ती परवानगी काढणं आणि उत्सव संपल्यावर हिशेब सादर करणं हे काम स्वतःकडे घ्या. ढोल वाजवायला सगळे तयार असतात, हिशेबाला कुणी नसतं.

चौथी पायरी: पैसे देताना

देणगीची पावती मागा, रोख टाळा. आयकरातली जी सवलत सगळे ८०जी म्हणून ओळखतात, ती दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मिळतच नाही. सवलत हवी असेल तर पॅन क्रमांक द्या, कारण संस्थेला देणगीदारांचा तपशील आयकर विभागाकडे भरावा लागतो आणि त्यावरच तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं.

परदेशातल्या भावाकडून संस्थेला पैसे मिळवून द्यायचा विचार असेल तर आधी त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललेलं असेल तर धरली जाते, आणि मग २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली संस्थेची नोंदणी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. छोट्या संस्थेला नकळत या अडचणीत टाकू नका.

पाचवी पायरी: वेळ देताना

सगळ्यात मोलाचा कार्यकर्ता कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, दर बुधवारी साडेचारला येणारा. दिवस कुठलाही चालेल, पण तो ठरलेला हवा. वस्तीतल्या अभ्यासवर्गातली मुलं दादा आज येणार म्हणून वाट बघतात आणि तो आला नाही की पुढच्या वेळी त्यातली दोघं येत नाहीत. आठवड्यातला एक तास वर्षभर देणारा माणूस, एका शिबिरात तीन दिवस राबून गायब होणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो. म्हणून कमी वेळ कबूल करा आणि तेवढा पाळा.

लोक कधी नसतात हेही लक्षात घ्या. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात, माणसं गावी जातात, रक्तदान शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई होते. १८ ते ६५ वयाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो, पुरुषाला दोन वेळांमध्ये तीन महिने आणि स्त्रीला चार महिने जाऊ द्यावे लागतात. वाढदिवसाला किंवा उत्सवात रक्त द्या, जरूर द्या, पण त्यातली एक वेळ मे महिन्यासाठी राखून ठेवा. ज्येष्ठांच्या भेटीचंही असंच. १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी वृद्धाश्रमात फळं वाटणाऱ्यांची गर्दी होते. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी कोण येतं?

कामाची निवड करताना तुम्हाला काय आवडतं यापेक्षा संस्थेत काय अडून राहिलंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर कंटाळवाणं असतं: नोंदवही टाइप करायची आहे, जुनी पुस्तकं चिकटवायची आहेत, बँकेत जायचं आहे, एका आजींना दवाखान्यात नेऊन आणायचं आहे. ही कामं घ्या. त्यातून संस्था आतून कळते.

विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना हा चांगला रस्ता आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर अपेक्षित असतं. तास भरण्यासाठी रस्ता झाडून फोटो काढण्याऐवजी कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगून ते तास एकाच स्थानिक संस्थेला जोडून घ्या. त्याहून खोल जायचं असेल तर शोधग्रामचा 'निर्माण' उपक्रम किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहेच. तिथून परत आल्यावर आपल्या गल्लीतल्या कामाकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं.

मुलं असतील तिथे

इथे मी अजिबात सैल सोडत नाही. लहान मुलांबरोबर काम करणार असाल तर संस्थेने तुमची ओळख, पत्ता, पूर्वीच्या कामाची माहिती विचारायलाच हवी. विचारली नाही तर ती संस्था निष्काळजी आहे, तुमचं मन कितीही साफ असो. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसू नका, परस्पर घरी नेऊ नका, आईवडिलांना न सांगता भेटवस्तू देऊ नका. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. बालगृहातल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं तर कायद्याने गुन्हा आहे.

१८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. "संस्थेचं नाव जाईल" म्हणून आपसात मिटवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. १०९८ वर किंवा ११२ वर फोन करा. हरवलेलं, सोडून दिलेलं मूल सापडलं तर संस्थेला ते परस्पर ठेवून घेता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. निवासी बालगृहाची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का, हे तिथे धान्य पोचवायला जाणाऱ्यानेही विचारावं.

स्वयंसेवक बायकांनी हेही लक्षात ठेवावं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार न घेणाऱ्यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी.

मदत तुम्हालाच हवी असेल तर

संस्थेत जायचं ते फक्त द्यायला, असं कुणी ठरवलेलं नाही. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, वडिलांना विसरायला होऊ लागलं, तर ज्या संस्थेत तुम्ही सभासद आहात तिथे बोला. आधी सभासद व्हा असं मी म्हणतो त्याचं हे मोठं कारण आहे, ओळखीच्या माणसांपुढे गरज सांगणं सोपं जातं.

काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हव्यात. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७, महिलांसाठी १८१, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. धर्मादाय न्यासांनी चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटावं लागतं. हे ठाऊक नसल्याने दागिने विकणारी कुटुंबं असतात. रुग्णाबरोबर जाऊन एवढं विचारणारा एक माणूस संस्थेत असला तरी केवढा फरक पडतो.

म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली नोंदणीकृत संस्थाही त्यांच्या वतीने अर्ज करू शकते. ज्येष्ठ नागरिक संघांनी हा अधिकार आणखी खूप वापरायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. सहली आणि गाण्याचे कार्यक्रम हवेतच, त्यांनीच माणसं घराबाहेर पडतात. पण संघातला जो सभासद अचानक यायचा थांबला, त्याच्या घरी दोघांनी जाऊन येणं हे त्याहून आधीचं काम आहे.

वयांची सरमिसळ करा

मुलांची संस्था, तरुणांचं मंडळ, म्हाताऱ्यांचा संघ असे कप्पे पडलेले असतात. नवखा माणूस दोन ठिकाणी जात असेल तर तो हे कप्पे सहज जोडू शकतो. संघातल्या निवृत्त शिक्षिकेला अभ्यासवर्गात न्या. मंडळातल्या मुलांना संघात बसवून मोबाइलवरचे फसवणुकीचे मेसेज कसे ओळखायचे हे आजी-आजोबांना दाखवायला सांगा. यासाठी निधी, प्रकल्प प्रस्ताव काही लागत नाही. दोन्हीकडच्या एकेका माणसाशी ओळख असली की पुरतं.

स्वतःची संस्था काढावी का?

वर्षभरानंतर हा विचार हमखास येतो. आधी आहे त्याच संस्थेत ते काम सुरू करता येईल का ते बघा. तिथे खरोखरच जागा नसेल आणि गरज मोठी असेल, तर नोंदणी न करता पाच-सहा जणांनी सहा महिने काम करून बघा. तेवढ्या काळात निम्मी माणसं गळतात आणि जी उरतात त्यांच्याबरोबर संस्था उभी राहते. संस्था नोंदणीला किमान सात जण लागतात, उद्देश आणि नियमावली असलेली घटना लागते, कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं संमतीपत्र लागतं. घटनेत सभासद कसा होतो, निवडणूक कधी होते, राजीनामा कुणाकडे द्यायचा ही कलमं दुसऱ्याची घटना उतरवून घेऊन भरू नका. पुढचे सगळे वाद याच कलमांवर होतात. आणि ते सहा महिने जो खर्च झाला त्याचा हिशेब, पावत्यांसकट, नोंदणीचा अर्ज भरण्याआधी बाहेरच्या एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.